गुरुवार, साडेपाच, मोठं सभागृह

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी विद्यापीठाच्या आगामी व्याख्यानांची आणि परिषदांची यादी चार हजार एकशे बारा पत्त्यांवर गेली. नऊ वाजून चौदा मिनिटांनी ती तयार करणाऱ्या बाईंच्या, कचेरीतल्या यादीबाईंच्या, लक्षात आलं, की तिच्यातलं एक नाव खोटं आहे.

माणूस खरा होता. पदव्याही खऱ्या होत्या. फक्त त्या माणसाला कोणी बोलावलेलं नव्हतं. गुरुवार, सायंकाळी साडेपाच, मोठं सभागृह, वार्षिक व्याख्यान, विषय ‘पूल का पडतात’. आणि वक्ते म्हणून छापलं होतं यादीबाईंच्या वडिलांचं नाव.

वडिलांना घरी आणि बाहेर सगळे अण्णा म्हणत. वय त्र्याहत्तर. अकरा वर्षांपूर्वी याच सभागृहात, याच वार्षिक व्याख्यानात, याच विषयावर बोलता बोलता ते मध्येच थांबले होते. चार मिनिटं तसेच उभे राहिले. मग चष्मा काढून खिशात घातला आणि बाजूच्या दाराने निघून गेले. त्यानंतर चारचौघांसमोर त्यांनी तोंड उघडलेलं नव्हतं. बाजारात जायचं तर बस विद्यापीठाच्या फाटकावरून जाते, म्हणून ते एक थांबा आधी उतरून मागच्या रस्त्याने चालत जात.

हे नाव यादीत गेलं कसं, ते सांगायला हवं. मोठं सभागृह धरून ठेवायचं तर चार महिने आधी फॉर्म भरावा लागतो. त्यात वक्ता, विषय आणि वेळ हे तीन रकाने रिकामे ठेवता येत नाहीत. वक्ते मात्र होकार देतात आठ दिवस आधी, तेही चार फोन झाल्यावर. मधल्या काळासाठी रकान्यात काहीतरी घालून ठेवायचं, याला कचेरीत ‘भरती’ म्हणत. यादीबाईंच्या आधीचे गृहस्थ भरती म्हणून ‘कोणीतरी’ असं लिहीत. एकदा ते तसंच फलकावर गेलं, ‘प्रमुख वक्ते : कोणीतरी’, आणि साठ माणसं ऐकायला आली. त्यातल्या एकाने दारात चौकशीही केली, की साहेब पोचले का? तेव्हापासून हुकूम निघाला, की भरतीलाही मान्य वक्त्यांच्या नोंदीतलंच नाव घालायचं.

त्या नोंदीत अण्णांचं नाव अजून होतं. काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाशी खेळण्यापेक्षा आपल्या घरचं बरं, असं म्हणून यादीबाई दर वर्षी वार्षिक व्याख्यानापुढे तेच घालत आणि विषयही तोच, अर्धा राहिलेला. वर पिवळा रंग देत. पिवळं म्हणजे भरती, जायच्या आधी बदलायची. खरा वक्ता ठरला की पिवळं पुसलं जाई. यात आपल्याला एक बारीकसं सुख मिळतं, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

यंदा शुक्रवारी रंगीत छपाईची शाई संपली होती. यादीबाईंनी शेवटची तपासणी काळ्या-पांढऱ्या कागदावर केली. बुरशीवरच्या व्याख्यानाची वेळ दुरुस्त केली, मातीच्या परिषदेचे दोन दिवस उलटसुलट झाले होते ते सरळ केले. पिवळा रंग काळ्या-पांढऱ्या कागदावर उमटत नाही.

नऊ वीसला चावीकाका आत आले. सभागृहाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. ते यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा.

“यादीबाई, पेढे नाहीत तर नाही, निदान चहा तरी सांगा! अण्णा येतायत!”

“काका, दार लावा.”

त्यांनी दार लावलं. यादीबाईंचा चेहरा बघून खुर्चीत बसले.

“भरती?”

“भरती.”

“अरे देवा.” काकांनी कमरेच्या किल्ल्या मुठीत धरल्या. “त्या दिवशी मी बाहेरच होतो हो. दारावरचा लाल दिवा लागलेला. माईक चालू असला की तो लागतो. आतलं बाहेर काही ऐकू येत नाही, दारं तशीच जाड केलीत. दिवा लागलाय म्हटल्यावर मी समजलो, अण्णा बोलतायत. रंगलंय काम. चार मिनिटं मी बाहेर उभा राहून मान डोलावत होतो!”

“काका, पुरे.”

“तुम्ही फोन केलात घरी?”

यादीबाईंनी केला नव्हता. नऊ चाळीसला घरूनच आला.

“गुपित ठेवलंस होय गं?” आईचा आवाज कधी नव्हे तो तरुण वाटत होता. “निवृत्त लोकांनाही ती यादी येते, विसरलीस वाटतं. शेजारच्या प्राध्यापकांनी दारात येऊन वाचून दाखवली. मला म्हणाले, वहिनी, पुढची रांग आमची.”

“अण्णा काय म्हणाले?”

“काही नाही. यादी घेतली, दोनदा वाचली. मग माळ्यावरचे काळे बूट काढायला लावले. आता पॉलिश करतायत. अगं, अकरा वर्षांत मी त्या माणसाला शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं.”

“आई, ऐक ना...”

“तू कामात असशील. ठेवते.”

यादीबाईंनी रिसीव्हर तसाच हातात धरून ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते झालं होतं. चूक झाली म्हणून सांगावं तर घरात शिट्टी थांबणार. न सांगावं तर दुरुस्तीचं पत्रक निघणार, तेही त्याच चार हजार एकशे बारा पत्त्यांवर. त्यातला एक पत्ता घरचा.

अकरा वाजता कुलसचिवांनी बोलावलं. विद्यापीठाचा सगळा कारभार त्यांच्या सहीने चाले. बोलताना मनगटाकडे बघत राहायची त्यांना सवय होती, त्यामुळे कचेरीत त्यांचं नाव पडलं होतं घड्याळसाहेब. ते त्यांना ठाऊक होतं आणि चालतही होतं.

“होकारपत्र कुठाय?” त्यांनी विचारलं.

वक्त्याशी आपण स्वतः बोललो आहोत आणि त्याने यायचं कबूल केलं आहे, असं यादी करणाऱ्याने सही करून द्यायचा हिरवा कागद म्हणजे होकारपत्र. त्याशिवाय सभागृहाचं कुलूप उघडत नाही.

“नाही, सर. भरती होती. माझी चूक.”

“तुमच्याकडून? सोळा वर्षांत पहिली?”

“दुसरी. पहिली कोणाला कळली नाही.”

कुलसचिव हसले नाहीत. “खऱ्या पाहुण्यांचं काय?”

खऱ्या पाहुण्या दुसऱ्या शहरातल्या खगोलशास्त्रज्ञ होत्या. एकोणीस दिवस त्यांच्या उत्तराची वाट बघणं चाललं होतं.

“पुन्हा कळवलंय. आज चारपर्यंतची मुदत दिलीय.”

“ठीक. त्यांचं आलं तर त्यांच्या नावाने दुरुस्ती. नाही आलं तर व्याख्यान रद्द. दोन्हीतलं एकच पत्रक, चार वाजता. एका चुकीची दोन पत्रकं काढून मला स्वतःचं हसं करून घ्यायचं नाही.” त्यांनी मनगटाकडे पाहिलं. “जागा किती राखल्या लोकांनी?”

“तीनशेपैकी दोनशे बारा.”

“दोन तासांत? मागच्या वर्षी आठवड्यात नव्वद झाल्या नव्हत्या. निम्मे ऐकायला येतायत आणि निम्मे बघायला.” मग आवाज थोडा खाली आणून ते म्हणाले, “वडिलांना तुम्ही सांगणार, की मी सांगू?”

“मी सांगते.”

“चारच्या आत. पत्रकातून कळू देऊ नका.”

एक वाजता यादीबाई बसने घरी निघाल्या. दोन थांब्यांचं अंतर. सगळ्या वाटेवर त्या वाक्य जुळवत होत्या. अण्णा, एक गडबड झालीय. अण्णा, तुम्ही मनावर घेऊ नका. सोळा वर्षं इतरांच्या व्याख्यानांची शीर्षकं नीट करून देणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य धड जमेना.

जिन्याच्या मधल्या पायरीवर त्या थांबल्या. वरून अण्णांचा आवाज येत होता. घरात बोलतात तसा नाही, वर्गातला. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“...वजनाने पूल पडत नाही. वजन त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. पूल पडतो तो ज्याचा हिशोब कोणी धरला नाही अशा गोष्टीने. सांध्यात साठलेलं पाणी. एकाच तालात चालणारी माणसं. आता तुम्ही विचाराल...”

आणि आवाज थांबला.

हीच जागा. यादीबाई त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होत्या. ‘आता तुम्ही विचाराल’ इथवर ऐकलेलं त्यांना पाठ होतं. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मनात आकडे मोजायला लागल्या. वीस झाले. चाळीस. वर खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. एकसष्टला आई स्वयंपाकघरातून ओरडली, “जेवायला वाढू का?”

“वाढ,” अण्णा म्हणाले, अगदी साध्या आवाजात.

यादीबाई वर गेल्या. टेबलावर कागद, पेन्सिल, चकाकणारे बूट वर्तमानपत्रावर ठेवलेले. अण्णांनी मुलीकडे चष्म्यावरून पाहिलं.

“या. दुपारची घरी? नोकरी आहे ना अजून?”

“आहे. चारपर्यंत तरी.”

“मग बस. उभ्याने वाईट बातमी सांगू नये.”

ती बसली. जुळवलेली सगळी वाक्यं बसमध्येच राहिली होती. “अण्णा, ती यादी...”

“भरती होती.”

तिने वर पाहिलं.

“अगं, तो फॉर्म ज्या समितीने केला तिचा अध्यक्ष कोण होता? रकाना रिकामा ठेवायचा नाही हा नियम माझा. लोक सभागृह धरून ठेवायचे आणि वक्ता शोधायचेच नाहीत, म्हणून घातला. त्याने वक्ते मिळाले नाहीत, नुसती भरती करायची सवय लागली.” ते स्वतःशीच हसले. “मला कोण बोलावणार? यादी वाचली तेव्हाच कळलं. दुसऱ्यांदा वाचली ती फक्त छापलेलं कसं दिसतंय ते बघायला.”

“मग बूट?”

“बूट माझे आहेत. मी पॉलिश करीन नाहीतर चाटीन.”

आई दारात ताट घेऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. ताट तिथेच स्टुलावर ठेवून ती म्हणाली, “म्हणजे सकाळपासून मलाच तेवढं ठाऊक नव्हतं. छान. बापलेकींनी मिळून माझी चांगली करमणूक केलीत.” आणि आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

“अण्णा, चार वाजता दुरुस्ती जाणार आहे. सरांनी सांगितलंय.”

“कोणी, घड्याळजींनी? त्या दिवशी व्याख्यानाचं अध्यक्षपद त्याच्याकडेच होतं.” अण्णांनी पेन्सिल कागदाच्या काठाला समांतर ठेवली. “तुला माझ्यासाठी काही करायचं असेल तर ती दुरुस्ती थांबव. नसेल थांबवता येत तर राहू दे. मी रुसणार नाही. रुसायचं वय तुझ्या आईचं आहे.”

“तुम्ही आत्ता पुन्हा तिथेच थांबलात. मी जिन्यात होते.”

“माहीत आहे. तिसरी पायरी वाजते.”

“मग?”

“पुढचं मला येतं. शब्दन् शब्द येतो. तेव्हाही येत होतं. मग का थांबलो, ते अकरा वर्षं या टेबलाशी बसून शोधतोय. इथे बसून सापडत नाही एवढं नक्की झालंय. जिथे हरवलं तिथेच जाऊन बघावं लागेल.”

“तीनशे माणसं असतील अण्णा. पुन्हा झालं तर?”

“तर झालं,” अण्णा म्हणाले. पण बोटं पेन्सिलीवरून हलली नाहीत.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी यादीबाईंनी कुलसचिवांच्या टेबलावर हिरवा कागद ठेवला. वक्त्याशी प्रत्यक्ष बोलणं झालं आहे. खाली सही.

कुलसचिवांनी तो उचलला. “हे यादी जायच्या आधीचं दाखवायचंय?”

“नाही सर. तारीख आजची आहे. वेळही घातलीय, एक पंचेचाळीस.”

“म्हणजे चूक झाली हे तुम्हीच लेखी देताय.”

“झालीच होती.”

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. “त्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. लोक म्हणतात चार मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं, तीन मिनिटं आणि पन्नास सेकंद. पहिल्या मिनिटात मी उठून दोन शब्द बोललो असतो तर त्यांना बसायला वेळ मिळाला असता. पाणी दिलं असतं, काहीतरी विनोद केला असता. मी काय केलं? घड्याळ बघितलं. आणि आता तुम्ही सांगताय, पुन्हा त्याच खुर्चीत बसा.”

“मी काही सांगत नाहीये सर. कागद ठेवलाय.”

“त्यांना जमेल का?”

मुलगी म्हणून हो म्हणणं सोपं होतं. यादीबाईंना जिन्यातला आकडा आठवला, एकसष्ट.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“चारपर्यंत थांबू. पाहुण्या नाही म्हणाल्या तर बघता येईल.”

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पाहुण्यांचं उत्तर आलं. यादीबाईंच्याच पत्त्यावर आलं, दुसऱ्या कोणाच्या नाही. उशिराबद्दल क्षमा, आईच्या आजारपणात अडकले होते, येते आहे. तिकीट आज रात्रीच्या आत काढावं लागेल. पत्रकात नाव आलेलं दिसलं की लगेच काढते.

खोलीत कोणी नव्हतं. उत्तर उघडलेलं होतं. न उघडल्यासारखं करायला एक कळ पुरे होती. कचेरीतल्या माणसाला हे कळायला फार हुशारी लागत नाही. चार वाजले की पाहुण्यांची मुदत आपोआप संपत होती, आणि नंतर उत्तर सापडलं तर यंत्रणेवर ढकलता येत होतं. यंत्रणा कधी उलटून बोलत नाही.

यादीबाईंनी ती कळ दाबली नाही. बराच वेळ बोट मात्र तिच्यावर होतं. तेवढ्यात रंगीत छपाईची नवी शाई घेऊन चावीकाका आले. “घ्या, आज मिळाली!” ते म्हणाले. यादीबाईंना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शाई घालून त्यांनी ते उत्तर छापलं आणि तीन पंचावन्नला कुलसचिवांच्या टेबलावर हिरव्या कागदाशेजारी ठेवलं.

कुलसचिवांनी दोन्ही वाचले. मनगटाकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. चार वाजून सहा मिनिटांनी ते म्हणाले, “दुरुस्तीचा मजकूर तयार आहे?”

“आहे. पाहुण्यांच्या नावाचा. नुसतं पाठवायचंय.”

“तसाच ठेवा. घरचा फोन लावा. मी बोलतो.”

फोन लागल्यावर यादीबाईंना एकच बाजू ऐकू आली.

“नमस्कार अण्णा... हो, घड्याळजीच... नाही, दुरुस्ती गेलेली नाही... गुरुवारपर्यंत थांबायला नको. आत्ता या... सभागृहात. मी आणि तुम्ही, तिसरं कोणी नाही... पुढचं ऐकायचंय मला. ‘आता तुम्ही विचाराल’च्या पुढचं.” बराच वेळ ते रिसीव्हर कानाला लावून होते. मग म्हणाले, “बरं,” आणि ठेवला. “निघतायत.”

“सर, पाहुण्या वाट बघतायत. आणि पाचला पाठवण्याची यंत्रणा बंद होते. मग उद्या सकाळी नऊ.”

“माहीत आहे. मी बाहेर येऊन सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.”

चार वाजून चौतीस मिनिटांनी अण्णा फाटकातून आत आले. समोरच्या फाटकातून. पायात काळे बूट होते. सभागृहाच्या दाराशी यादीबाई आणि चावीकाका उभे होते. कुलसचिव आत दिवे लावून पहिल्या रांगेत बसले होते.

“काय काका, केस पांढरे झाले,” अण्णा म्हणाले.

“तुमचे गेलेच की हो, अण्णा.”

“हिशोब बरोबर.” त्यांनी काखेतली कागदांची चळत मुलीच्या हातात दिली. “हे धर.”

“लागणार नाहीत?”

“मागच्या वेळी होते की हातात.”

ते आत गेले. चावीकाकांनी दार ओढून घेतलं. जाड दार, त्याचा आवाजही झाला नाही. थोड्या वेळाने दारावरचा लाल दिवा लागला.

दोघं दिव्याकडे बघत उभे राहिले. काकांनी दाराला कान लावला, मग काढला. “काही कळत नाही,” ते म्हणाले. “बोलतायत की गप्प आहेत, बाहेर सारखंच.”

“तुम्ही मान डोलावू नका फक्त.”

“नाही हो,” काका म्हणाले, आणि खरोखरच मान ताठ धरून उभे राहिले.

चार पन्नासला आईचा फोन आला. यादीबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, “आत गेलेत.” आईने पलीकडून काही विचारलं नाही, ठेवलाही नाही. फोन तसाच चालू राहिला.

पाच वाजता यंत्रणा बंद झाली. राखलेल्या जागा तोवर दोनशे अठ्ठ्याण्णव झाल्या होत्या. दुरुस्तीचं पत्रक गेलेलं नव्हतं, म्हणजे यादीत नाव अजून अण्णांचंच होतं; पाहुण्यांना कोणी काही कळवलेलं नव्हतं. पाच वाजून सात मिनिटांनीही सभागृहाचं दार बंद होतं आणि वरचा लाल दिवा चालू होता.